प्रार्थनेचा विषय

रविवार, ७

आज पाळकबाईंनी मला पकडलंच. शेवटचं गीत सुरू झालं की मी मागच्या दाराने सटकते, हे साऱ्या मंडळीला ठाऊक आहे, म्हणून बाई आज मागच्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे. रविवारी दुपारी तुमच्याकडे येऊ दे का?"

कॉलेजं उघडली आहेत. बाहेरगावची पोरं होस्टेलात येऊन पडली आहेत, त्यांना रविवारी आपापल्या घरी जेवायला बोलवा, असं पाळकसाहेबांनी आजच पुलपिटावरून सांगितलं होतं. तेव्हा मी चष्मा पुसत बसले होते. आपल्याला कोण विचारतंय? पोरांना हवी भरलेली घरं, टीव्ही, बरोबरीची भावंडं. माझ्याकडे दोन खोल्या, एक रेडिओ आणि मी. शिवाय हल्ली चर्चमध्ये तरुणांसाठी म्हणून जी गिटार आणली आहे, तिच्याबद्दल मी जे बोलले ते सगळ्यांच्या कानावर गेलेलं आहे. नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं, "येऊ दे की." पाळकबाईंनी माझा हात दाबला. जरा जास्तच वेळ दाबला. दमल्या असतील बिचाऱ्या, एवढ्या पोरांची सोय लावायची म्हणजे काय खायचं काम आहे?

घरी आल्यावर ह्यांचं ताट फळीवरून काढलं. हे गेले तेव्हा वर गेलं ते तिथेच होतं. धूळ बसली होती, घासून पुसून ठेवलं. दोन माणसांना किती बटाटे लागतात तेच मेलं आठवेना.

बुधवार, १०

भगिनी मंडळ. तिथे प्रार्थनेआधी प्रत्येकीने आपला विषय सांगायचा असतो. गोल बसायचं आणि एकेकीने बोलायचं. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या नवऱ्याची शुगर. माझी पाळी आली की मी म्हणते, "माझा काही नाही, पुढे चला." गुडघ्याचा विषय कितीदा काढणार? देवालाही कंटाळा येत असेल. आता तर पाळी आल्यावर माझ्याकडे कुणी बघतही नाही, शेजारची शिवणवाली सरळ सुरूच करते.

आजही तिने तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, "थांबा. माझा आहे."

सगळ्या वळून बघायला लागल्या. सांगितलं, घरापासून लांब राहणारी एक मुलगी माझ्याकडे यायची आहे, पोर एकटी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. सगळ्यांनी "हो प्रभू, हो प्रभू" म्हटलं. नंतर चहाला दोघी-तिघी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मुलगी कुठली, काय शिकते, स्वभावाने कशी? मला काडीचं माहीत नव्हतं. तरी मी बराच वेळ बोलले.

रविवार, १४

आली. चणीने एवढीशी, पाठीवर तिच्याहून मोठी सॅक. पावाचा तुकडा दोन्ही हातांत धरून कडेकडेने कुरतडत खाते, म्हणून मी तिचं नाव खारूताई ठेवलं. तोंडावर म्हटलं तर हसली. हसताना तोंडावर हात घेते.

रिकाम्या हाताने आली नाही, केळी घेऊन आली. बसायच्या आधी विचारलं, "काकू, गुडघा कसा आहे?" हिला माझा गुडघा कुणी सांगितला? तर म्हणे पाळकबाईंनी. मग रात्री झोप लागते का, औषधं आणून द्यायला कुणी आहे का, रविवारी दुपारी काय करता, एकटीला कंटाळा येतो का. एकेक प्रश्न असा विचारत होती की जणू कुणी पाठ करून पाठवलं आहे. जिन्यातला दिवा गेलाय हे येतानाच तिने पाहिलं होतं. जेवण झाल्यावर स्टूल मागून घेतलं आणि नवा बसवून आली. मी नको नको म्हणत राहिले. पाहुणीने कामं करायची म्हणजे काय?

पण एक कळलं. पोर फार एकटी आहे. कंटाळा येतो का, झोप लागते का, हे माणूस दुसऱ्याला कधी विचारतो? स्वतःला येत असतो तेव्हा. मी उभी हयात हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात घालवली आहे. माणसाच्या आतलं बघायची सवय आहे मला, मला काय फसवतेय ती?

तिला हसवायला म्हणून मी त्या पैलवानाची गोष्ट सांगितली. छातीचा फोटो काढायला आला होता. त्याला "श्वास घ्या, रोखा" म्हटलं आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तर गडी जांभळा पडलेला, डोळे बाहेर आलेले, पण श्वास धरून उभा. "अहो, सोडा!" म्हटलं तेव्हा सुटला. खारूताई इतकी हसली की ठसका लागला. ह्या घरात असं कुणी हसलं त्याला जमाना झाला.

जाताना एकदा घड्याळ बघितलं तिने. होस्टेलला वेळेचं बंधन असणार.

मंगळवार, १६

हॉस्पिटलात जाऊन आले. झालेलं काही नाही, सहज. एक्स-रेच्या दाराबाहेर जे लांब बाक आहेत तिथे बसलं की कुणी ना कुणी बोलतंच. कसे पडलो, कुठे पडलो, सून काय म्हणाली. आज एका आजोबांचा खांदा होता. घाबरले होते. त्यांना सांगितलं, आतलं टेबल गार लागतं, बाकी काही नाही, दोन मिनिटांत बाहेर याल. बरं वाटलं त्यांना.

मग आतला एक्स-रेवाला मुलगा बाहेर आला. माझ्यानंतर लागलेला, मला ओळखत नाही. म्हणाला, "आजी, तुमची चिठ्ठी?" म्हटलं, मी कुणाबरोबर तरी आलेय. कुणाबरोबर ते त्याने विचारलं नाही. उठून आले.

शुक्रवार, १९

गुडघ्याचं मलम आणायला बाहेर पडले होते. बसस्टँडवरून आले, तर आतल्या बाकावर खारूताई. भर कॉलेजच्या वेळेला. मांडीवर सॅक, हातात पाव, कडेकडेने कुरतडणं चाललेलं. मला वाटलं कुठे तरी निघाली असेल. म्हणून खांबाआड उभी राहिले. हो, उभी राहिले, त्यात काय लपवायचं? बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. ही कशाकडेच बघत नव्हती. शेजारची माणसं बदलत होती, ही तिथेच.

हाक मारणार होते, पण जीभ उचलेना. बसस्टँडवर जाऊन नुसतं बसायचं म्हणजे काय विचित्रपणा, असं घरी येईपर्यंत मनात घोळत राहिलं.

रविवार, २१

जेवताना मी विचारलं, "कॉलेज काय म्हणतंय?" ती म्हणाली, "छान आहे." मी म्हटलं, "हल्ली बसस्टँडात भरतं वाटतं?" मला वाटलं होतं हसेल. तिने चमचा खाली ठेवला आणि रडायलाच लागली.

सगळं सांगितलं मग. इंजिनीअरिंगला आहे. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यापाशी बोलावलं, हिला उत्तर येत होतं पण बोलताना अडखळली, आणि कुणी तरी मागून हिच्या बोलण्याची नक्कल केली. अख्खा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तेव्हापासून वर्गाचं तोंड पाहिलेलं नाही. होस्टेलात दिवसा खोलीत थांबू देत नाहीत, रेक्टरबाई कुलपं लावते. म्हणून बसस्टँड. तिथे कुणी विचारत नाही, म्हणाली, सगळ्यांना वाटतं आपण कुठे तरी चाललोय. बाप वेल्डर आहे. हिच्या इंजिनीअरिंगचं त्याला एवढं कौतुक की दुकानाच्या पाटीवर हिचं नाव घातलंय. त्याला कळलं तर तो पुढच्या बसने येईल आणि हिला घेऊन जाईल. हिला जायचंही नाही आणि वर्गात शिरायचंही धाडस होत नाही.

म्हणाली, "मला थोडे दिवस हवेत फक्त. मी करीन काही तरी. काकू, कुणाला सांगू नका हं."

"कुणाला सांगायला मला आहे कोण?" मी म्हटलं.

ती तशीच बसून राहिली, म्हणून तिच्या समाधानाला मीही माझं सांगून टाकलं. हॉस्पिटलातल्या बाकांचं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा जाते. माझा कुणी पेशंट नसतो. तिथे कुणी बोलतं म्हणून जाते. हे मी धाकट्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, ती लगेच मला तिच्याकडे येऊन राहा म्हणेल आणि तिच्या सुनेच्या कपाळावर आठ्या पडतील. खारूताईने सगळं ऐकलं. अरेरे म्हणाली नाही, काही नाही. उठून भांडी घासायला घेतली आणि मी पुसली.

आज घड्याळ बघितलं नाही तिने.

बुधवार, २४

भगिनी मंडळ. माझी पाळी आली तर आज शिवणवालीने आपणहून विचारलं, "तुमच्या मुलीचं काय?" तुमच्या मुलीचं, म्हणाली. सगळ्या पुढे सरकून ऐकायला बसल्या होत्या.

म्हटलं, मोठ्या अडचणीत आहे पोर. कसली अडचण, असं दोघींनी विचारलं. नेमकं माहीत असल्याशिवाय नेमकी प्रार्थना कशी करणार, हेही खरंच. मग सांगितलं. वर्गात हसले ते, बसस्टँडचं, बापाचं. नाव अजिबात घेतलं नाही, ते मी कटाक्षाने पाळलं. आणि देवापुढे मांडणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे. चर्चच्या खजिनदारांच्या बायकोच्या डोळ्यांत तर पाणी आलं. पाळकबाई आज नव्हत्या, बाहेरगावी गेल्या होत्या.

अशी प्रार्थना त्या खोलीत कित्येक वर्षांत झाली नसेल. सगळ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवले होते. घरी येताना गुडघा दुखलाच नाही.

रविवार, २८

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

उपासना सुटली, पोर्चमध्ये सगळे उभे होते. खारूताई माझ्याकडेच येत होती, हातात केळी. मध्येच खजिनदारांनी तिला थांबवलं. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की सातव्या घरी ऐकू जावा. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, घाबरायचं नाही. वर्गात जायचं. हसणारे हसू देत. आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. तुझ्या बाबांशीही बोललो मी काल, तुमच्या गावच्या पाळकांकडून नंबर काढला. ते येताहेत पुढच्या रविवारी तुला न्यायला."

पोर्चमधले सगळे तिच्याकडे वळले. मग दोघी-तिघींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने खजिनदारांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. चिडून पाहिलं असतं तर मला चाललं असतं. वर्गात मागून नक्कल झाली तेव्हा जसं पाहिलं असेल, तसं पाहिलं. केळी कठड्यावर ठेवली आणि निघून गेली.

घरी दोन ताटं मांडलेलीच होती. दुपार कलेपर्यंत तशीच ठेवली.

मंगळवार, ३०

खजिनदाराच्या बायकोला पोटात काही राहत नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगायची काय गरज होती? आणि त्याने तरी फोन कशाला लावायचा? शिवणवालीने उकरून काढलं नसतं तर मी एवढं बोललेच नसते. एकेकीला धरून विचारणार आहे.

आणि खारूताईलाही कळायला हवं. एवढं जीव लावून जेवायला घातलं, एका शब्दाने विचारलं नाही की काकू, काय झालं. सकाळी होस्टेलवर जाऊन आले. रेक्टरबाई म्हणाली, बरं नाही म्हणून खोलीत थांबू दिलंय, पण खाली येणार नाही म्हणते. बसस्टँडवर बघून आले होते आधी, तिथे नव्हती. तिच्या त्या बाकावर थोडा वेळ बसले. बस आली, गेली.

बुधवार, १

भगिनी मंडळाला गेले नाही. त्याऐवजी पाळकबाईंच्या घरी गेले, भांडायलाच. म्हटलं, तुम्ही माझ्या गळ्यात पोर बांधली, दर रविवारी मी तिला बटाट्याची भाजी रांधून घातली, आणि आता ती माझं तोंड बघायला तयार नाही.

पाळकबाईंनी मला बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "ताई, ती तुमच्याकडे जेवायला येत नव्हती."

मला काही उमजेना. त्यांनी सांगितलं ते असं. तरुण संघातल्या मुलांनी ह्या वर्षी ठरवलं होतं की मंडळीत जी माणसं एकटी आहेत त्यांच्याकडे एकेकाने दर रविवारी जायचं. बोलायचं, हवं-नको बघायचं, दिवा-बिवा लावून द्यायचा. खारूताईच्या वाट्याला मी आले होते. "तुम्हाला तसं सांगितलं असतं तर तुम्ही मला दारातून हाकललं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी एवढंच विचारलं, एक मुलगी येऊ दे का. तुम्ही बटाट्यांपर्यंत गेलात ते तुमचं तुम्ही."

म्हणजे मी यजमानीण नव्हते. मी काम होते तिचं. माझा चेहरा तापला. चपला घालून निघणार होते, तर त्या म्हणाल्या, अजून एक ऐकून जा. दर शुक्रवारी मुलं जमतात तेव्हा प्रत्येकजण आपापल्या माणसासाठी प्रार्थनेचा विषय सांगतो. कुणाच्या आजोबांना ऐकू येत नाही, कुणाच्या आजी पोरांची वाट बघतात, सगळं तपशीलवार. मी धसकले. म्हटलं, हॉस्पिटलचे बाक सगळ्या पोरांना माहीत झाले म्हणजे.

"तिने काय सांगितलं माझ्याबद्दल?"

"दर वेळी एकच," पाळकबाई म्हणाल्या. "माझ्या काकू बऱ्या आहेत. विषय काही नाही. फक्त आभार."

मी खाली बसले. पाळकबाईंना वाटलं गुडघा, त्या मलम आणायला आत गेल्या.

गुरुवार, २

खजिनदाराच्या बायकोने नवऱ्याला सांगितलं. शिवणवालीने उकरलं. हे सगळं खरं आहे. पण त्यांना सांगितलं कुणी? देवाला सांगायचं होतं तर ह्याच खोलीत सांगता आलं असतं, त्याला चहा आणि आठ-दहा बायका लागत नाहीत. मला विषय हवा होता. वर्षानुवर्षं "पुढे चला" म्हणून म्हणून माझा जीव विटला होता आणि पोरीने भरवशाने हातात दिलं ते मी मिरवून आले. लाज वाटते मला. आज रेडिओही लावला नाही.

शुक्रवार, ३

तरुण संघाला गेले. संध्याकाळी मागच्या छोट्या हॉलमध्ये जमतात. मुलं चटयांवर बसलेली, माझा गुडघा वाकत नाही म्हणून मला एकटीला खुर्ची दिली. सगळ्यांच्या मधोमध उंच बसले. तिथे ती गिटार होतीच. गिटारवाल्याने मला बघून ती जरा मागे सरकवली, मी म्हटलं, वाजव रे, काही होत नाही मला.

खारूताई दाराशी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठेल असं वाटलं. उठली नाही, सॅकचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

विषय सांगणं सुरू झालं. एकेकजण आपल्या माणसाचं सांगत होता. तिच्यावर पाळी आली तेव्हा तिने नुसती मान हलवली. गिटारवाला म्हणाला, "चला तर मग, प्रार्थना करू या."

मी म्हटलं, "थांबा. माझा आहे."

उभी राहिले. उभं राहून बोलायचं ठरवलं होतं. म्हटलं, "माझा विषय मीच आहे. मी एकटी आहे. घरात कुणी बोलायला नाही म्हणून हॉस्पिटलात जाते आणि पेशंटांच्या बाकावर बसते. चिठ्ठी विचारली की खोटं बोलते. हे मी एका मुलीला सांगितलं होतं, तिने कुणाला सांगितलं नाही. तिने मला तिचं सांगितलं, ते मी चारचौघींत सांगितलं. प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं, पण खरं म्हणजे मला सांगायला काही तरी हवं होतं. आता माझंही सगळ्यांना माहीत झालं. त्याने काही फिटत नाही. पण तिला एकटीलाच उघडं पाडून मी घरात बसले, असं नको."

मग गिटारवाल्याने डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले, आणि ती पोरं माझ्यासाठी प्रार्थना करायला लागली. अडखळत करत होती. एकाने माझ्या गुडघ्यासाठी केली. मी डोळे मिटू शकले नाही. उघडे ठेवून समोर बघत उभी राहिले, खुर्चीची पाठ धरून.

समोर खारूताईचेही डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होती. सगळे खाली माना घालून, आणि आम्ही दोघीच एकमेकींकडे बघतोय, असं किती वेळ चाललं. मग तिने आवाज न करता नुसते ओठ हलवले. "सोडा."

तेव्हा मला कळलं की मी श्वास धरून उभी आहे.

शनिवार, ४

बटाटे आणले. दोघींना पुरतील असे घेतले होते, परत फिरून थोडे जास्त घेतले. येणारच असं काही नाही. उद्या बाप येणार आहे, सामान बांधायचं असेल, बस गाठायची असेल. आले तर आले.

रविवार, ५

दुपारी दार वाजलं. खारूताई, आणि तिच्यामागे तिचे बाबा. खाली जिन्यापाशी तिची ट्रंक ठेवली होती. बाबा उंचेपुरे, हातांवर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग. संकोचून दारातच थांबले. म्हणाले, हिचं एकच चाललंय, आधी काकूंकडे जेवायचं, मग काय ते. मी त्यांना ह्यांचं ताट दिलं. तिला माझं दिलं आणि मी वाटीत घेतलं.

ती पाव कडेकडेने कुरतडत होती, तिचे बाबा अधूनमधून तिच्याकडे बघत होते. लहानपणापासून अशीच खाते, एवढंच म्हणाले. जेवण उरकल्यावर त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात काम केलेलं आहे. चार माणसं बघितली आहेत. मला ह्यातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा, हिला नेऊ का ठेवू?"

मला आयुष्यात कुणी काही विचारायच्या आधीच मी उत्तर देत आले आहे. ह्याचं उत्तर तर माझ्याकडे गेल्या रविवारपासून तयार होतं, मुद्देसूद. तोंडाशी आलेलं होतं. खारूताईचं कुरतडणं थांबलं होतं.

मी म्हटलं, "तिला विचारा."

बाबा गोंधळले. त्यांनी मला विचारलं होतं. पण मग खुर्ची थोडी तिच्याकडे फिरवून बसले आणि ती बोलायला लागली. सुरुवातीला अडखळली. कुणी हसलं नाही, कुणी मध्ये बोललं नाही, मीसुद्धा नाही. मग नीट बोलली, बराच वेळ बोलली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

ती काय बोलली ते मी इथे लिहीत नाही.

बाबा संध्याकाळच्या बसने एकटेच गेले. ट्रंक माझ्या जिन्याखाली आहे, उद्या कॉलेज सुटल्यावर ती नेणार आहे. भांडी तिने घासली, मी पुसली. बुधवारी भगिनी मंडळ आहे. सगळ्या पुढे सरकून बसतील आणि शिवणवाली विचारील, तुमच्या मुलीचं काय. मी म्हणेन, विषय काही नाही. फक्त आभार.